सोन्याच्या मुलाम्याने चित्र उजळत नाही

गेला महिनाभर सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टीव्हीला सेटटॉप बॉक्स, साउंडबार जोडणाऱ्या एचडीएमआय केबलीबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘साध्या एचडीएमआय केबलने रंग फिके पडतात, साउंडबारचा आवाज बसतो, टीव्हीचा पोर्ट जळतो, सोन्याचा मुलामा असलेली महागडीच घ्या.’ तो वाचून जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी २,२०० रुपये मोजले. म्हणून हे लिहितोय.

आधी रंगांचं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या काळात हे खरं होतं. तो सिग्नल अ‍ॅनालॉग. वायर हलकी असली की चित्राला मुंग्या यायच्या. एचडीएमआयमधून जातात शून्य आणि एक. ते नीट पोचले की चित्र जसंच्या तसं. नाही पोचले, तर ठिपके चमकतात, चित्र तुटतं, नाहीतर पडदाच काळा होतो. सगळे रंग जरासे फिके, असं केबलमुळे होत नाही. तसं दिसलं तर टीव्हीचा पिक्चर मोड तपासा.

केबलींमध्ये फरक असतो, पण तो क्षमतेचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहून नेते याचा. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोर-के चित्रासाठी १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ घ्या. नव्या गेमिंग कन्सोलला ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लागू शकते. एचडी सेटटॉप बॉक्सला दीड मीटरची साधी ‘हाय स्पीड’ पुरून उरते. दहा-पंधरा मीटर ओढायची असेल, तर मात्र दर्जात काटकसर नको.

मुलामा असतो टोक गंजू नये म्हणून. स्वस्त केबलींनाही तो असतो.

पोर्ट जळण्याची भीती तर चुकीच्या जागी दाखवली आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा डिशच्या वायरीतून किंवा लाइनमधून झटका येऊन पोर्ट जातो. तो महाग केबलीतूनही जातो. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि डिशची वायर काढा.

राहिला आवाज. काकूंचा साउंडबार नवी केबल लावूनही मुकाच होता. टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारला. केबल ‘एचडीएमआय १’मध्ये, आणि शेजारच्या २ नंबरखाली बारीक अक्षरांत ‘एआरसी’. टीव्हीचा आवाज उलटा साउंडबारकडे पाठवायची ही सोय २००९ पासूनची, पण ती तसं लिहिलेल्या पोर्टातच चालते. केबल तिथे लावली, सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू केलं, ऑडिओ आउटपुट बदललं, आवाज सुरू. मग सेटटॉप बॉक्ससोबत फुकट आलेली केबल लावून पाहिली. आवाज तोच.

पाकीट फोडलं म्हणून दुकानदाराने २,२०० ची केबल परत घेतली नाही.