खुलासा : लिंबाची फोड चोखून शोग्रेन या आजारातली तोंडाची कोरड जात नाही

‘शोग्रेन असलेल्यांनी भरपूर पाणी प्यावं आणि दिवसभर लिंबाची फोड चोखावी, लाळ पुन्हा सुरू होते’ असा संदेश सध्या फिरतोय. कृपया तो पुढे पाठवू नका.

शोग्रेनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथींवर आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करते, त्यामुळे तोंड आणि डोळे कोरडे पडतात. पाण्याचे घोट घेत राहावेत, बरं वाटतं. पण पाणी म्हणजे लाळ नव्हे. लाळ आम्ल शमवते, दातांना कॅल्शियम पुरवते.

लिंबू आंबट असल्यामुळे लाळ सुटते, एवढं खरं. पण लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास असतो आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं. निरोगी तोंडात लाळ ते आम्ल धुऊन काढते. इथे ते दातावर तसंच राहतं, आणि मग हिरडीलगत, जिथे सहसा कीड लागत नाही तिथेही दात किडतात. हे नुकसान भरून येत नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

त्याऐवजी झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) बिनसाखरेचं च्युइंगम चघळा, रात्री तोंडाच्या आत लावायचं ओलावा देणारं जेल वापरा, दंतवैद्याला विचारून जास्त फ्लोराइडची पेस्ट घ्या. ग्रंथींमध्ये थोडी जान शिल्लक असेल तर पायलोकार्पिन किंवा सेव्हिमेलिनच्या गोळ्यांनी लाळ वाढते. घामही बराच येतो. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर त्या चालत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तोंडात आग होत असेल, जीभ लालभडक दिसत असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो लगेच दाखवा.