रुमाल होता ना खिशात?

तीन आठवड्यांनी दिल्या कट्ट्यावर आला. तलावपाळीच्या कठड्यापाशी स्कूटर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि कुणाकडेही न बघता चहावाल्याला म्हणाला, "चार कटिंग." चार म्हणजे इकबाल त्यात धरलेला. आम्ही तिघांनीही मनातल्या मनात ते मोजलं.

ग्रुपवर काय झालं ते उगाळत नाही. आधी भोंगा, मग डीजे, मग तो व्हिडिओ, मग "तुम्ही लोक", आणि दिल्या लेफ्ट. ज्याच्या त्याच्या ग्रुपवर थोड्याफार फरकाने हेच झालंय.

सुध्या ठराव घेऊनच आला होता. त्याचं असंच असतं, लग्नाच्या पंगतीतही हा "मुद्दा क्रमांक एक" म्हणून सुरू होतो. बोट वर करून म्हणाला, "आजपासून ग्रुपवर आणि कट्ट्यावर राजकारण, धर्म, जात बंद. सुखदुःख, तब्येत, ट्रेकचे फोटो. बस्स."

"मग तू काय बोलणार?" इकबाल म्हणाला. "येऊरच्या पुढे तुझा ट्रेक कधी गेला नाही, आणि तब्येतीचं विचारलं की तू थेट आरोग्य धोरणावर येतोस."

दिल्या खिंकाळला.

"तू हसू नकोस," इकबाल त्याच्याकडे वळला. "भोंग्याच्या बाबतीत माझं तुझ्याशी पटतं. आवाज कमी करा म्हणून मशिदीच्या मीटिंगमध्ये मी उठून बोललो. तिथे शिव्या खाल्ल्या, घरी येऊन मोबाईल उघडला तर तुझ्या शिव्या. पण तुझं तुझ्याशी तरी पटतं का ते सांग. दहानंतर तुमच्या मंडळाचा डीजे?"

"त्याला सूट आहे सरकारची. बारापर्यंत."

"वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस!" सुध्याने फोन बाहेर काढलाच. "आणि सूट वेळेची, आवाजाची नव्हे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे. याचिका कुणाची? आपल्या ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांची! लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलंय. कलम २५ सुद्धा सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन..."

"धर्म बंद हा तुझाच ठराव ना?" मी विचारलं.

"ही कायदेशीर माहिती आहे."

सुध्याचे आकडे खरे असतात, ते मी कधीच नाकारलं नाही. पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो पुढचा आकडा शोधायला लागतो. दिल्या ओरडतो, पण ओरडताना समोर बघतो तरी.

आणि ही बंदी मला मनापासून खुपते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन वर्षं ती आहे. भांडणं थांबली, खरं आहे. पण चौथ्या मजल्यावरचा माणूस माझ्याबद्दल काय समजून बसलाय हे आता मला कळायला मार्ग नाही, आणि मी त्याला ओळखतो ते त्याच्या डीपीवरून. लिफ्टमध्ये दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे असतो. पूर्वी तो मला तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणायचा, आणि गुढीपाडव्याला श्रीखंडाची वाटी घेऊन यायचा. आता दोन्ही बंद.

मी हे बोलून दाखवलं तर दिल्याला जोर चढला. "बरोबर! टिळकांनी गणपती चौकात आणला तो काय लोकांनी गप्प बसावं म्हणून?"

"घे, टिळकच घे," इकबाल म्हणाला. "टिळक आणि गोखले. १९०७ साली सुरतेला जोडा उडाला, काँग्रेस फुटली. जहाल-मवाळांत पुढे वर्षानुवर्षं विस्तव गेला नाही. पण १९१५ ला गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. गड उतरून आले. स्मशानात उभे राहून बोलले, भारताचा हिरा गेला म्हणून. मत बदललं नव्हतं त्यांनी, दिल्या. पण आले."

एवढं बोलून तो तलावाकडे बघत बसला. पाण्यात एक पायडलची होडी गोल गोल फिरत होती, आतल्या पोरांना ती वळवता येत नव्हती.

इकबालचे अब्बा पंधरा दिवसांपूर्वी गेले. मय्यतीला मी होतो, सुध्याही होता, देव न मानणारा सुध्या शेवटची मूठ माती द्यायला रांगेत उभा होता. दिल्या नव्हता. आणि बारावीच्या सुट्टीत दिल्याला लँब्रेटा शिकवली होती ती अब्बांनी, मागे धावत धावत.

दिल्याच्या हातातल्या चहावर साय धरली.

"आलो होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"फाटकापर्यंत. गाडी पलीकडे लावली. डोक्यावर घ्यायला काही नव्हतं." मग जरा थांबून, "आणि ग्रुपवर जे लिहिलं होतं मी, ते लिहून आत कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"रुमाल होता ना खिशात?"

"होता."

"मग?"

सुध्यासुद्धा गप्प. दिल्याने खिशात हात घातला आणि पुरावा दाखवावा तसा रुमाल बाहेर काढला. निळ्या चौकटींचा, मधोमध ग्रीसचा काळा पट्टा, एका कोपऱ्याला वाळलेली चटणी. रोज सकाळी तो त्याने सीट पुसतो.

इकबालने रुमाल दोन बोटांत धरून उलटसुलट बघितला. "बरं झालं आत आला नाहीस. हा डोक्याला बांधून आला असतास तर अब्बा उठून बसले असते. म्हणाले असते, आधी हा धुऊन आण."

पहिला हसला तो दिल्या, आणि हसता हसता त्याने डोळे त्याच रुमालाने पुसायला घेतले, तेव्हा इकबालने त्याचा हात धरला आणि आपला रुमाल दिला. सुध्या म्हणाला, "मृत व्यक्ती उठणं हे वैज्ञानिकदृष्ट्या..." पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही, चहावालासुद्धा हसत होता.

ठरावाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. नऊच्या सुमारास इकबाल दिल्याच्या मागे बसून राबोडीला निघाला. स्कूटर वळेपर्यंत दिल्याचा आवाज येत होता, "अरे, बारापर्यंत सूट आहे म्हटलं ना!" आणि मागून इकबालचा, "पुढे बघ, पुढे!"