नळीत ड्रिल घालून रायफल नवी होत नाही

"आजोबांची घासलेली रायफल भंगारात घालू नका, बोअर वाढवून घ्या" (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास) असा एक लांबलचक मेसेज ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांमध्ये फिरतोय. लष्कर भागातल्या मामांनी तो परवा मला पाठवला, खाली "आपणही घेऊ या का करून?" असं जोडून. म्हणून हे लिहितोय. नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर द्यायला वेळ कोणाला आहे?

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. कुठलाही चांगला खरादवाला (लेथवाला) नळीतून थोडं मोठं ड्रिल फिरवतो आणि .३०३ ची .३१५ होते (हे आकडे इंचातले). 'प्रोहिबिटेड बोअर'ची, म्हणजे .३०३ सैन्याच्या मापाची म्हणून साध्या परवान्यावर बंद असण्याची, कटकटही त्यातच मिटते. नंबर तोच राहतो, म्हणून परवान्याला हात लावायला नको. मोठा बोअर म्हणजे मोठा मार. झाडाला बांधून दोरीने चाप ओढायचा, फुटली नाही तर पास. आणि विलायतेत हे सर्रास चालतं.

शेवटच्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते आधी देऊन टाकतो. घासलेली नळी मोठ्या बोअरची करून घेणं ही खरी आणि जुनी कारागिरी आहे. काडतुसाची केस, म्हणजे दारूचं पितळी नळकांडं, मूळचीच ठेवून फक्त तोंड मोठं करायचं, असे जोड ठरलेले असतात. ७×५७ ची ८×५७ करतात (गोळीचं माप × केसची लांबी, मिमीत), .३०-०६ ची .३५ व्हेलेन करतात. केस तीच आणि भोक मोठं असेल तर दाब वाढत नाही, उलट थोडा उतरतो, हेही खरं. पण तिथे हे काम करणारा बंदूककार असतो आणि नंतर नळी प्रूफ हाऊसला, म्हणजे जादा दाबाने बंदुका तपासणाऱ्या संस्थेकडे, जाते. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला सनद मिळाली १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. विलायतेचा दाखला द्यायचा तर तो अख्खा द्यावा.

आता खरादवाल्याचं ड्रिल. रायफलीची नळी म्हणजे पाइप नव्हे. आत पीळ घेत गेलेल्या खाचा असतात. .३०३ एनफिल्डमध्ये १० इंचांत एक फेरा असतो. खाचांमधल्या उंचवट्यांवर मोजलं तर व्यास ७.७ मिमी, खाचांच्या तळाशी जवळपास ८. आणि .३१५ मध्ये उंचवट्यांचाच व्यास ८ मिमी. म्हणजे जिथे जुन्या खाचा संपतात तिथेच नवा बोअर सुरू होतो. नळी घासलेली असेल, गंजाने खड्डे पडले असतील, तर ते खड्डे ८ मिमीच्याही बाहेर गेलेले असतात. ते निघत नाहीत, ड्रिल त्यांच्यावरून फक्त फिरून येतं.

आणि ड्रिल सरळ जाईल तर शपथ. ६४ सेंटिमीटरच्या नळीत ते कडेला सरकतं, थरथरतं, आत वळे पाडतं. मध्य चुकला की नळीची एक बाजू जाड, दुसरी पातळ. वर नव्या खाचा कोण पाडणार? खरादवाला नाही. मग हातात उरते गुळगुळीत नळी. तिच्यातून सुटलेल्या गोळीला फिरकी नसते, ती हवेत कोलांट्या खाते आणि पुठ्ठ्यावर आडवी लागते, किल्लीच्या भोकासारखं छिद्र पाडून. हा म्हणे 'मोठा मार'.

मेसेज लिहिणाऱ्याने दोन काडतुसं शेजारी ठेवून तरी बघायची होती. .३०३ ची केस ५६ मिमी लांब. .३१५ म्हणजे मूळची ८×५० मॅनलिखर, ५० मिमीची, पण बुडाशी जाड. नुसती नळी वाढवली तर .३१५ चं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या खोलीत, बसतच नाही. बसावं म्हणून चेंबर रुंद केला तर पुढे जुन्या चेंबरचा रिकामा भाग उरतो. धातू कापता येतो, परत भरता येत नाही. इलाज एकच, नळी मागून कापायची, आटे नव्याने पाडायचे, पुन्हा बसवायची. काडतूस मागून अडवून धरणाऱ्या बोल्टचं तोंडही .३०३ च्या बुडाच्या कडेसाठी केलेलं, .३१५ ची कड त्याहून मोठी. हे सगळं न जुळताच फैर झाडली तर केस फाटते आणि गॅस मागे येतो. मागे डोळा असतो.

कोणीतरी त्याच मेसेजखाली ".२७५ ची थेट .३७५ करा" असंही सुचवलंय. .३७५ मॅग्नमचं अख्खं काडतूस ९१ मिमी लांब, .२७५ चं ७८. मॅगझिनमध्येच मावत नाही, पुढचं काय बोलायचं.

दोरीच्या चाचणीचा मात्र मला खरोखर राग आला. प्रूफ हाऊसमध्ये नेहमीचं काडतूस वापरत नाहीत. युरोपीय नियमाने रायफलीला ठरलेल्या कमाल दाबाच्या २५ टक्के वर भरलेलं काडतूस लावतात, मग नळी, चेंबर, बोल्ट पुन्हा मोजतात, तडा शोधतात. दोरीने झाडलेली एक साधी गोळी एवढंच सांगते की त्या एका गोळीला रायफल फुटली नाही. केसाएवढा तडा पडला असेल तर तो विसाव्या गोळीला उघडेल, आणि तेव्हा दस्ता झाडाला नाही, गालाला टेकलेला असेल.

परवान्याचं बोलायचं तर शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ एकदा वाचा. बनवणं, विकणं, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी, प्रूफ, हे सगळं त्यासाठीच्या परवान्याशिवाय गुन्हा. म्हणजे खरादवालाही अडकतो आणि दोरी ओढणाराही. कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदी बोअर 'मिटवण्याचा' हा मार्ग! आणि परवान्यावर नंबरासोबत बोअरही लिहिलेला असतो. .३०३ च्या परवान्यावर गन हाऊसवाला .३१५ ची काडतुसं देणार नाही. शिवाय निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा करताना ग्वाल्हेर-चंबळच्या हवालदाराला ती वेगळी वाटणार नाही, अशा भ्रमात राहू नका.

"पुन्हा शिकारीला तयार" असंही आहे मेसेजमध्ये. १९७२ चा वन्यजीव कायदा पोचला नसावा. ज्या शिवपुरीच्या जंगलात शिंदे सरकारच्या शिकारी व्हायच्या, तिथलं माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे.

मुळात नळी घासली आहे हे ठरवलं कोणी? जुन्या .३०३ काडतुसांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत क्लोरेट असायचं. फैरीनंतर त्याचं क्षार नळीत राहतं आणि पावसाळी हवेतलं पाणी ओढतं. ते तेलात विरघळत नाही, गरम पाण्यात विरघळतं. नुसतं तेल लावून ठेवलेल्या रायफली म्हणूनच आतून काळ्या दिसतात. आधी रायफल रिकामी आहे हे बोल्ट काढून बघा. मग गरम पाणी, पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) कोरडी चिंदी, मग तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण नायलॉनच्या ब्रशने, दहा मिनिटं थांबून पुन्हा चिंदी. ती निळी-हिरवी आली तर खाचांत तांबं बसलंय. निळा रंग जाईपर्यंत हेच, मग पुसून कोरडी करून तेल. यानंतर खाचांच्या कडा उजेडात धारदार दिसल्या तर नळी जिवंत आहे.

नळीचं तोंडही बघा. पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं एकाच कडेला घासून ओढली की तोंड लंबगोल होतं आणि नेम जातो, आतली नळी धड असली तरी. ते काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याचं, परवाना सोबत नेऊन. त्याने गेज (मापाची सळई) घालून नळी गेली म्हणून सांगितलं, तर ती गेली.