साध्या फाइलींचं बळ

एका विद्यार्थ्याने लिहिलंय की जुन्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि आयथ्री हा खिडक्या मांडणारा हलका प्रोग्रॅम टाकून त्याने सगळा अभ्यास चालवलाय आणि नोट्स साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवल्यात. हे वाचून फार आनंद झाला. डेबियनची निवड अगदी योग्य. 1993 पासून स्वयंसेवक ते सांभाळताहेत आणि स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर अचानक काही बदलत नाही.

मला सर्वात भावलं ते नोट्स साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवणं. अशी फाइल कुठल्याही संगणकावर उघडते, परवाना लागत नाही. शिवाय गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) असलं की मागच्या आठवड्यात खोडलेला परिच्छेदही परत आणता येतो. माझा प्रबंध मी असाच लिहिला.

फक्त एक कळकळीने सांगते, गिट म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क गेली की तिच्यावरचा सगळा इतिहासही जातो. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने बाहेरच्या डिस्कवर रोज प्रत काढत जा.

आणि लाटेक या दस्तऐवज मांडणीच्या प्रणालीत मराठी लिहायचं असेल तर तिचे झीलाटेक किंवा लुआलाटेक हे प्रकार वापरा. पीडीएफलाटेक या प्रकाराला युनिकोड देवनागरी थेट जमत नाही. नवख्यांनी आयथ्रीऐवजी एक्सएफसीई या डेस्कटॉपपासून सुरुवात केली तरी चालेल, तेही हलकंच आहे.