डोळ्यात आग्वाद

आमच्या गोव्यातल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, उंडे (गोल पाव) घेतले, चहा घेतला आणि पेपर उघडला. ‘वाळपईत मुख्यमंत्र्यांची सभा’ या मथळ्यातला ‘मुख्य’ गायब. पंचवीस वर्षं मुद्रितशोधनात घालवलेला माणूस मी, पहिला संशय छपाईवर. मग नजर ‘वाळपईत’वर नेली, तर ‘ळप’ गेलं आणि ‘मुख्य’ जागेवर आलं. म्हणजे चूक पेपराची नव्हती. वाईट वाटलं.

थोड्या वेळात त्या डागाला दात फुटले. करवतीसारखी चमचमणारी, थरथरणारी नागमोडी रेघ. ती हळूहळू पसरत अर्धवर्तुळ झाली. छताकडे पाहिलं, तिथे ती. डोळे मिटले, तरी ती! बायको समोर उभी राहिली तर तिचं नाक दिसेना. हे तिला सांगितलं नाही.

“अहो, चष्मा पुसा,” ती म्हणाली. लुंगीला पुसला. शेजारच्या काकी मीठ-मिरच्या घेऊनच आल्या, “दिश्ट लागल्या.” ओवाळून मिरच्या चुलीत पडेपर्यंत ती रेघ नजरेच्या कडेने निघून गेली. श्रेय अर्थात मिरच्यांना. डोकं जराही दुखलं नव्हतं, त्यामुळे मीही प्रकरण मिटवणार होतो. पण बायकोने त्याच दिवशी म्हापशाला नेलं. शुक्रवार, बाजाराचा दिवस. स्कूटर लावायला जागा शोधताना जे डोळ्यांपुढे चमकलं ते वेगळंच.

डॉक्टरांनी विचारलं, “कुठल्या डोळ्यात दिसलं?”

“उजव्या.”

“डावा झाकून पाहिलात?”

“नाही.”

“किती मिनिटं होतं?”

“मिरच्या जळेपर्यंत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासला, रक्तदाब-साखर पाहिली, मेंदूच्या डॉक्टरांकडेही पाठवलं. कारण पन्नाशी उलटल्यावर असं पहिल्यांदाच झालं तर नुसत्या अंदाजावर सोडत नाहीत. सगळं ठीक निघालं, तेव्हा नाव कळलं: मायग्रेनचा ऑरा (म्हणजे डोळ्यांपुढची ती चमचम), डोकेदुखीशिवायचा. मला वाटायचं मायग्रेन म्हणजे डोकं धरून अंधारात पडणं. माझं मायग्रेन नुसती रोषणाई करून, जेवायला न थांबता परत गेलं.

भानगड डोळ्यात नसते, मेंदूच्या मागच्या भागात असते. तिथे विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर अशी सरकते. आमच्या फायलीसुद्धा याहून जरा जोरात हलत असाव्यात. म्हणूनच ती नक्षी दोन्ही डोळ्यांना दिसते, हळूहळू वाढते आणि बहुधा वीस-तीस मिनिटांत, फार तर तासाभरात, विरते. इंग्लंडच्या ह्यूबर्ट एअरी या वैद्याने 1870मध्ये स्वतःला दिसणारी नक्षी चितारली आणि तिला बुरुजांच्या तटबंदीची उपमा दिली. मी आग्वादच्या किल्ल्यावर निदान वीस पाहुण्यांना घेऊन गेलो आहे. 1612चा तो किल्ला आता घरबसल्या दिसेल, तिकडे जायला नको.

मग डॉक्टरांचा आवाज बदलला. “एकाच डोळ्यासमोर अंधार आला, पडदा उतरल्यासारखं वाटलं, किंवा अचानक ठिणग्या आणि पुष्कळ काळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी दाखवायचं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर 108. तिथे घड्याळ बघत बसायचं नाही. मिरच्या तर नाहीच.” तासापेक्षा जास्त राहिलं किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तरी यायचं, आणि नक्षी असेपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही. झोप, जेवण, ऊन सगळं वहीत लिहायला सांगितलं. वहीत आतापर्यंत एकच नोंद आहे.

चोडणला बहिणीकडे गेलो होतो. रात्रभर गप्पा, सकाळी नुसता चहा, आणि परतताना मांडवीवर चकाकणारं ऊन. फेरीबोटीत बसलो आणि समोरच्या पाटीतलं एक अक्षर गेलं. घड्याळ पाहिलं. डावा डोळा झाकला: आहे. उजवा झाकला: आहे. शाब्बास! स्कूटर रायबंदरच्या धक्क्यावर होती, पण चालवायची कशी? बोट धक्क्याला लागली, माणसं उतरली, नवी चढली, मी तिथेच. दुसऱ्या खेपेलाही तिथेच. तिसऱ्या वेळी खलाशी जवळ आला.

“बाब, देंवपाचें ना?”

मी एक डोळा झाकून म्हटलं, “मातशें राव रे, किल्लो वचूं दी.” (जरा थांब रे, किल्ला जाऊ दे.)

त्यानं वळून नदीकडे पाहिलं. आग्वाद तिथून दिसत नाही.