१४ दिवसांची नोटीस आणि माजी सैनिक

जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत कधीतरी एका रात्री अमेरिकेत गावोगावी बेघरांची मोजणी होते. दोन वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये मी या कामात स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. "तुम्ही माजी सैनिक आहात का?" असे विचारू नका, "तुम्ही कधी सैन्यात होता का?" असे विचारा, अशी सूचना आम्हाला आधीच मिळाली होती. ज्यांनी लढाई पाहिली नाही किंवा ज्यांना मुदतीआधी सोडावे लागले, ते पुष्कळदा स्वतःला माजी सैनिक समजतच नाहीत. एटीएमच्या काचेच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या एका माणसाने माझ्या पहिल्या प्रश्नाला मान हलवून नकार दिला (सूचना विसरून मी चुकीचाच प्रश्न विचारला होता), आणि दुसऱ्या प्रश्नाला म्हणाला, "चार वर्षे, ट्रक दुरुस्तीवर."

२०१० च्या मोजणीत बेघर माजी सैनिकांची संख्या ७४ हजारांच्या वर होती. २०२४ मध्ये ती ३२,८८२ वर आली. याचे बरेचसे श्रेय फेडरल सरकारला आहे. भाड्यासाठी व्हाउचर आणि सोबत पाठपुरावा करणारा समाजसेवक, अशी त्यांची व्यवस्था बरीच यशस्वी ठरली आहे. मात्र ते व्हाउचर मिळते घर सुटल्यानंतर. घर सुटू नये म्हणून मदत करणारा फेडरल कार्यक्रमही २०११ पासून आहे, पण सगळा भार त्याच्यावर टाकून राज्यांना हात झटकता येणार नाहीत. राज्याचा पैसा मुख्यतः घर सुटण्याआधी खर्च व्हावा, असे माझे मत आहे.

राज्ये हा पैसा उभा कसा करतात, हेही पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये माजी सैनिकांच्या घरांसाठी ६० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. घरे हवीतच, पण जागा, परवाने आणि बांधकाम यांत वर्षे जातात, आणि ज्याचे या महिन्याचे भाडे थकले आहे त्याला त्या इमारतीचा उपयोग नाही. टेक्सासमध्ये माजी सैनिकांच्या मदतनिधीत लॉटरीच्या तिकिटांचा पैसा येतो. गरजूला तो पैसा कुठून आला याच्याशी देणेघेणे नसते, हे खरे. तरीही राज्याने मान्य केलेले कर्तव्य तिकिटांच्या खपावर अवलंबून असावे, हे मला पटत नाही.

मॅसॅच्युसेट्सची पद्धत मला यात उजवी वाटते. तिची सुरुवात १८६१ साली, यादवी युद्धाच्या काळात झाली. प्रत्येक शहराने आणि गावाने माजी सैनिकांसाठी एक अधिकारी नेमायचा किंवा शेजारच्या गावांसोबत वाटून घ्यायचा, गरजू माजी सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला गावाने मदत द्यायची, आणि त्यातील ७५ टक्के रक्कम राज्याने गावाला परत करायची. अर्ज घेणारा माणूस त्याच गावच्या कचेरीत बसलेला असतो, हा यातला मोठा गुण.

अडचण आहे ती वेळेची. भाडे थकले की घरमालक १४ दिवसांची नोटीस देतो आणि ती मुदत संपल्यावर न्यायालयात जाऊ शकतो. अर्जाला मात्र उत्पन्नाचे पुरावे लागतात, बँकेचे कागद लागतात आणि मुख्य म्हणजे सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला लागतो. वारंवार जागा बदलणाऱ्याकडे तो दाखला क्वचितच सापडतो, आणि जुन्या लोकांच्या बाबतीत तर सरकारी दप्तरातही सापडेल याची खात्री नसते, कारण सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी जळाल्या. अशा माणसाला "कागद घेऊन या" म्हणणे म्हणजे "उशिरा या" म्हणण्यासारखेच आहे.

म्हणून गावच्या त्या अधिकाऱ्याला एक महिन्याचे थकलेले भाडे त्याच आठवड्यात थेट घरमालकाला देण्याचा अधिकार आणि त्यासाठी राखीव रक्कम असावी, आणि कागदपत्रांची तपासणी मागाहून व्हावी. एखाददुसऱ्या अपात्र माणसालाही यातून पैसे मिळतील; ते नुकसान मला सोसण्याजोगे वाटते. राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे आपल्या आमदाराला पत्र लिहायचे असेल तर ते वसंत ऋतूतच लिहावे लागेल. माझे पत्र मी लिहून ठेवले आहे. कोणाला मसुदा हवा असल्यास कळवावे.