गळ्यात स्कार्फ, घरभर दोऱ्या

मुलाला स्काउटमध्ये घातलं की शनिवारची सकाळ मोकळी मिळेल, असा हिशेब करून दर जूनमध्ये काही पालक पथकाकडे येतात. मी पथक चालवणाऱ्यांपैकी, त्यामुळे तेव्हा गप्प बसतो. आधी नावनोंदणी, मग वस्तुस्थिती. काही जण तर पहिल्याच दिवशी राष्ट्रपती पुरस्कार कधी मिळेल आणि दहावीला त्याचे गुण किती, हे विचारून घेतात. त्याआधी 'प्रवेश' ही पहिली पायरी, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान म्हणजे पुढचे टप्पे, मग राज्य पुरस्कार अशी चढण आहे. नुसत्या प्रवेशालाच तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत घराचं काय होतं, ते मात्र कुणी विचारत नाही.

सुरुवात गणवेशापासून. राखाडी शर्ट, नेव्ही ब्लू पँट, गडद निळी बेरे टोपी, काळे बूट. स्कार्फचा रंग पथकागणिक वेगळा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. त्याच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटरच्या हव्यात, कारण मोडलेला हात गळ्यात अडकवायची झोळी त्याचीच करायची असते. दुकानदार 'मुलगा लहान आहे' म्हणून लहान स्कार्फ देतो. त्यात फार तर मोडलेली करंगळी बसेल. सदस्यतेचा हिरवा बिल्ला डाव्या खिशाच्या मधोमध लागतो, पण तो दीक्षाविधीत मिळतो. हौसेने आधीच शिवून पाठवू नका. आणि शिवाल तेव्हा खिशात एखादी जुनी लग्नपत्रिका घाला. नाहीतर सुई आरपार जाते आणि खिसा कायमचा बंद होतो. दर वर्षी निम्म्या पथकाचे डावे खिसे बंद असतात.

पुढचा धक्का आजीला बसतो. स्काउट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. योद्ध्याची ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून हात पुढे करणं म्हणजे समोरच्यावर विश्वास, असं त्याचं कारण सांगतात. ते आजीला सांगून उपयोग नसतो. पाहुण्यांसमोर नातवाने डावा हात पुढे केला की ढाल-तलवारीची चर्चा बाजूला राहते आणि संस्कारांची सुरू होते. तह असा करावा : डावा हात पथकात, प्रसादाला उजवा.

प्रवेशासाठी महिनाभर घरात रोज एक सत्कृत्य करून ते डायरीत लिहायचं असतं. पहिला आठवडा सुखाचा जातो. मग 'आजीला पाणी दिले' हे वाक्य रोज येऊ लागतं आणि तहान असो वा नसो, आजीला पाणी प्यावं लागतं. रात्री साडेनऊला आठवण झाली तर झोपलेल्या आजीलाही उठवलं जातं. यावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचाच जुना उपाय आहे : सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, सत्कृत्य झालं की सोडायची. पालकांचं काम एवढंच, की महिन्याच्या तीस सह्या एका बैठकीत करू नयेत. स्वतःचा ओला टॉवेल उचलणं सत्कृत्यात मोडतं का, हा वाद घरोघरी होतो. मोडत नाही.

आता दोरी. तीन मीटरच्या आसपास, सुती. नायलॉनची स्वस्त आणि चकचकीत असते, पण ती निसरडी. मुलाने बरोबर मारलेली गाठही सुटते आणि तो स्वतःला ढ समजू लागतो. दोन्ही टोकांना दोरा घट्ट गुंडाळा, नाहीतर आठवड्यात पीळ सुटून टोकाची शेपटी होते. पहिली गाठ रीफ नॉट : डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं की ग्रॅनी नॉट होते. दिसते सारखीच, पण ताण आला की घसरते. बरोबर गाठ चपटी बसते, म्हणून ती बँडेजला वापरतात. वजन ओढायला दोन दोऱ्या जोडायच्या तर रीफ नको, आणि एक दोरी जाड, एक बारीक असेल तर शीट बेंड. हे पालकांनीही शिकून घ्यावं, कारण खांबाला दोरी बांधायच्या क्लोव्ह हिच गाठीचा सराव फ्रीजच्या दांड्यावर होतो आणि दुधाची पिशवी आत असते. बोलाइन या गाठीचा फास आवळत नाही, त्यामुळे माणसाला कमरेला बांधून वर ओढायला तो योग्य. धाकट्या भावाला खुर्चीशी जखडायचं काम अभ्यासक्रमात नाही. एक नियम मात्र पहिल्या दिवशी दरडावून सांगा : दोरी कुणाच्याही गळ्यात जाणार नाही, खेळातसुद्धा नाही.

पथकातल्या सहा ते आठ मुलांच्या प्रत्येक संघाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव असतं आणि त्याचा आवाज ही संघाची आरोळी. घुबड मिळालं तर नशीब. कोल्हा मिळाला तर शेजाऱ्यांना आधीच कळवून ठेवा.

मग येतो 'खरी कमाई' हा उपक्रम. मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवावेत, असा उद्देश. त्याचा बहुतेक शाळांत भेळेचा स्टॉल होतो, आणि कष्ट पहाटे पाच वाजता बटाटे उकडणाऱ्या आईचे असतात. समजा, सामानाला ९०० रुपये लागले आणि विक्री ७५० झाली, तर मुलांच्या वहीत नफा ७५० असतो, कारण सामान 'घरचंच' होतं. तेव्हा सामानाच्या पावत्या संघनायकाच्या हातात द्या आणि गप्प राहा. भेळ फसते ती एकाच कारणाने : घाईत सगळं पातेलंभर एकदम कालवतात आणि दहा मिनिटांत चुरमुऱ्यांचा लगदा होतो. चिंचेची आणि हिरवी चटणी वेगळी ठेवायची, गिऱ्हाईक समोर आलं की प्लेटपुरती कालवायची, टोमॅटो शेवटी. दहा-दहा रुपयांची सुट्टी नाणी न्यायची. आणि उधारी बंद. मित्रांनी खाल्लेली भेळ वहीत चढत नाही. संघाने स्वतः खाल्लेली तर नाहीच नाही. हे सगळं तोंडी सांगून स्टॉलपासून लांब उभं राहणं पालकांना जमत नाही. पाचव्या मिनिटाला बाबा गल्ल्यावर असतात.

शिबिराचंही तेच. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर ब्राउनसी बेटावर घेतलं, म्हणजे मुलं आणि पालक यांच्यामध्ये पाणी होतं. यापेक्षा चांगली व्यवस्था अजून कुणाला सुचलेली नाही. पिशवी मुलालाच भरू द्या. तुम्ही सुरेख घडी घालून भरलीत, तर अंधारात बॅटरी कुठे आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं आणि तुम्ही घरी असता. बॅटरीतला एक सेल उलटा घालून पाठवा. पिशवीत बटण दाबलं गेलं तरी ती जळत राहत नाही. ताट-वाटीवर ऑइलपेंटने नाव घाला, सगळ्यांची स्टीलची ताटं एकसारखीच असतात. ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी. लाडू-चिवडा चोरून देऊ नका. तंबूत पहिल्या रात्री त्याचा पत्ता मुंग्यांना लागतो, दुसऱ्या दिवशी मला.

परत आलेला मुलगा बिनभांड्यांचा स्वयंपाक शिकून आलेला असतो. बटाट्याला सालासकट बोटभर जाड चिखल थापायचा आणि निखाऱ्यात पुरायचा. थर पातळ झाला तर तडकतो आणि राख आत जाते. हे प्रात्यक्षिक तो घरी गॅसवर करू पाहील. करू देऊ नका. चिखल बर्नरच्या भोकांत गच्च बसतो आणि एकेक भोक सुईने मोकळं करावं लागतं. ते काम त्याच्याकडूनच करून घ्या, आणि डायरीत सत्कृत्य म्हणून लिहून आणलं तर सही करू नका.